खरवडायचं नाही

क्रीमने भरलेल्या कागदी कोनाचं टोक कात्रीने कापून तिने पहिली क्रीम स्वतःच्या अंगठ्याच्या नखावर सोडली. रेघ बारीक आली, मध्ये तुटली नाही. मग तिने टेबलावरचा केक गोल फिरवून उजेडाकडे घेतला. पांढरा, गुळगुळीत, कडेला गुलाबी झालर, आणि मधली सगळी जागा मोकळी.

"लिहा आता," समोर उभे असलेले बेकरीचे मालक म्हणाले. "चार वाजता तुमचा मुलगा न्यायला येईल."

"घाई करू नका. मी कामाला होते तेव्हाही तुम्ही घाई करायचात, आणि तेव्हाही केक वेळेवरच जायचे."

निवृत्त होईपर्यंत याच मागच्या खोलीत, याच टेबलापाशी उभं राहून तिने गावभरच्या लोकांचा आनंद लिहून दिला होता. कुणी पास झालं, कुणाला नोकरी लागली, कुणाकडे पाळणा हलला, सगळं तिच्या हाताखालून गेलं. बाकीचे कारागीर डावीकडून सुरुवात करायचे आणि उजवी कड आली की शेवटची अक्षरं एकमेकांच्या अंगावर चढायची. ती मधलं अक्षर आधी लिहायची, मग दोन्ही बाजूंना सरकायची, आणि वरची रेघ सगळ्यात शेवटी, श्वास रोखून, एका दमात ओढायची. बेकरीत तिला अक्षरबाईच म्हणत.

आज दुपारी मालकांचा फोन आला होता.

"अक्षरबाई, पंचाईत झालीय. तुमच्या चिरंजीवांनी केक सांगितलाय, तुमच्या सत्तरीचा. हातानेच लिहिलेला पाहिजे, छापील चालणार नाही म्हणाले. माझा हात आता थरथरतो, आणि इथल्या पोरांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. तुमच्या केकवर लिहायला तुमच्याशिवाय बोलावू कुणाला?"

म्हणजे स्वतःच्याच लग्नात वाढपी व्हायची पाळी. तिला हसू आलं, आणि ती निघाली.

काय लिहायचं ते मालकांनी कागदावर उतरवून भिंतीला चिकटवलं होतं. 'आईला सत्तराव्या वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.' तिने ते दोनदा वाचलं. चूक काहीच नव्हती. पण सत्तर वर्षांची व्हायला तिला करावं काय लागलं होतं? काही नाही. नुसतं मरायचं राहिलं होतं, एवढंच. वर्षं आपल्या पायांनी आली होती. त्याचा केक, आणि आज सकाळी तिने जे केलं त्याचं काय?

त्याचं घरी अजून कुणाला माहीतसुद्धा नव्हतं.

गंमत म्हणजे पोहण्याच्या तलावावर तिचं नाव मुलानेच घातलं होतं. डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी पाण्यात चालायला सांगितलं, तेव्हा. कमरेएवढ्या पाण्यात दोरी धरून पाच-सहा म्हातारी माणसं घाण्याला जुंपल्यासारखी गोल गोल फिरायची. तिला त्याचा लवकरच वीट आला. एक दिवस तिने दोरी सोडली. पोहायला शिकवणाऱ्या बाईंनी हनुवटीखाली हात धरला, आणि वर्षभरात ती खोल पाण्यात जाऊन परत यायला लागली. मग थंडीत काठावरच्या ओल्या फरशीवर पाय घसरला आणि कोपर काळंनिळं झालं.

"बास आता," मुलगा तेव्हा म्हणाला. "या वयात हात-पाय मोडून घेतलेस तर बघायचं कुणी?"

कुणी, ते तिला माहीत होतं. म्हणून ती "बरं" म्हणाली. आठवडाभराने वाचनालयात जाते असं सांगून ती पुन्हा तलावावर गेली. पिशवीत वर पुस्तकं, खाली टॉवेल. ओल्या पानांवरून वाचनालयातल्या बाईंनी तिला दोनदा सुनावलं होतं. सत्तरीला टेकलेली बाई शाळा बुडवणाऱ्या पोरीसारखी घरात खोटं बोलते, याची तिला लाज वाटायची. हळूहळू त्या लाजेचा राग यायला लागला.

तलावावर उड्या मारायला दोन फळ्या होत्या, एक बुटकी आणि एक उंच. तिथली एक रीत होती. वरच्या फळीवरून कुणी पहिल्यांदा उडी मारली की शिट्टीवाला लांब शिट्टी द्यायचा आणि पाण्यात असेल नसेल तो दोन्ही तळव्यांनी पाण्यावर थापा मारायचा. शाळकरी पोरांसाठी तिने अशा कितीतरी थापा मारल्या होत्या. स्वतः मात्र ती वर चढायची, खाली बघायची आणि आली तशी शिडीने उतरायची.

आज सकाळीही ती उतरायलाच वळली होती. पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि गुडघ्यातून अशी कळ आली की डोळ्यांसमोर काजवे चमकले. ती कठड्याला धरून उभी राहिली. शिडीवर खाली एक लहान मुलगी खोळंबली होती.

"आजी, उतरताय की जाताय?"

तिने खरोखर विचार केला. उतरायला गुडघे लागतात. पडायला काहीच लागत नाही. ती वळली, नाक दाबलं आणि फळी संपली तरी चालत राहिली.

पाण्याने सणसणीत चपराक दिली. नाकातोंडात पाणी गेलं. खोकत वर आली तेव्हा आधी शिट्टी ऐकू आली, आणि मग चारही बाजूंनी थापा. तिच्यासाठी आयुष्यात कुणी असं काही वाजवलं नव्हतं. ती पाण्यातच रडली. पाण्यात रडण्याचा फायदा असा की कुणाला कळत नाही.

तिने कोन उचलला. मधलं अक्षर आधी, मग दोन्ही बाजू. शेवटी श्वास रोखून वरची रेघ.

मालकांनी मान वाकडी करून वाचलं. केकवर दोनच शब्द होते. 'उडी मारली.'

"अहो, कागदावर वेगळं आहे."

"कागद मला दिसतोय."

"तुमचा मुलगा मला बोलेल."

"मला बोलेल. तुम्ही फक्त झाकण लावा."

पाच वाजेपर्यंत घरात मंडळी जमली. मंडळी म्हणजे मुलगा, सून, नात आणि सुनेची आई. विहीणबाई तिच्याहून दोन वर्षांनी लहान. पण "आता आपलं काय राहिलंय" हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा म्हटलं होतं, की खरंच काही राहिलं नसावं असं ऐकणाऱ्याला वाटायचं. भिंतीला एक लांबट पार्सल टेकवून ठेवलं होतं. रंगीत कागद आणि फीत लावूनही ती काठी आहे हे लपत नव्हतं.

मुलाने केकचं खोकं टेबलाच्या बरोबर मध्यभागी ठेवलं.

"या वेळी मी स्वतः नीट सांगून करून घेतलाय, आई," तो म्हणाला. "अक्षर न् अक्षर. तुझ्या नावाचा, तुझ्या दिवसाचा."

तिला वाईट वाटलं. तो असं का म्हणतोय ते तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तो लहान असताना घरात विकतचा केक आलाच नाही. बेकरीत नाव चुकलेले, कुणी न नेलेले केक मालक तिला देऊन टाकायचे, आणि पोराचे वाढदिवस त्यांवरच व्हायचे. केकवर नाव भलत्याच कुणाचं तरी. तिने त्याचाही एक खेळ करून टाकला होता. ज्याचा वाढदिवस त्याने चमच्याने आधी ते नाव खरवडून खायचं. नाव पोटात गेलं की केक आपला. पोराला ते आवडायचं. पुढे त्याच्या दहाव्या वाढदिवसाला मित्र जमले आणि खोक्यातून 'नवदांपत्यास शुभाशीर्वाद' निघालं. पोरं त्याला वर्षभर नवरदेव म्हणत होती. त्यानंतर त्याने केक कापला नाही.

तिला हे सगळं आठवलं, तरी ती जागची उठली नाही.

मुलाने झाकण उघडलं. त्याने वाचलं, पुन्हा वाचलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"झालं," तो म्हणाला. "आजसुद्धा दुसऱ्याचाच केक."

"फोन करा ना त्यांना," सून म्हणाली. "बदलून देतील."

"आता कधी बदलणार? जाऊ दे." त्याचा हात आपोआप टेबलावरच्या चमच्याकडे गेला. पन्नाशीला आलेला माणूस. पण चमचा त्याने अगदी तेव्हासारखाच धरला, उलटा, मुठीत. "खरवडून टाकतो."

चमचा पहिल्या अक्षरापाशी पोचला आणि तिने त्याचं मनगट धरलं.

"हे खरवडायचं नाही."

"अगं, हा आपला नाही."

"माझा आहे. अक्षर बघ."

त्याने वाकून बघितलं. दोन्ही कडांपासून सारखी जागा सोडलेली, आणि वरची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठेही न थांबलेली. हे अक्षर त्याने दुसऱ्यांच्या नावांतून लहानपणभर खाल्लं होतं.

"तू लिहिलंस?"

"मीच लिहिलं. आणि उडीही मीच मारली. आज सकाळी, वरच्या फळीवरून."

विहीणबाईंनी कप बशीत ठेवला. नातीचं तोंड उघडंच राहिलं.

"मी नको म्हणालो होतो," मुलगा म्हणाला.

"हो. म्हणालास."

"मग?"

"मग काही नाही. तू म्हणालास, मी ऐकलं, आणि मी गेले. इतके महिने चोरून गेले, ते चुकलं. यापुढे सांगून जाईन."

"आणि काही झालं असतं तर?"

"झालं ना. तेच तर लिहिलंय."

तिचं काळीज धडधडत होतं, फळीवर धडधडलं नव्हतं तेवढं. पाण्याने फक्त एक थप्पड मारली होती. हा रुसला तर याच्याच घरात, याच्याच समोर बसून रोज जेवायचं होतं. तरीही तिने मनगट सोडलं नाही. चमचा केकवरून पुरता बाजूला झाला तेव्हाच सोडलं.

"भीती नाही वाटली, आजी?" नातीने विचारलं.

"वाटली की. पण शिडी उतरायची जास्त वाटली."

विहीणबाई जरा पुढे सरकल्या. "पाणी फार गार असतं का हो?"

"पहिल्यांदा असतं. मग आपणही तेवढेच गार होतो, कळत नाही."

सुनेने मेणबत्त्या आणल्या, एक साताची आणि एक शून्याची. तिने त्या सुनेकडून घेतल्या, बघितल्या आणि परत दिल्या.

"साधी एकच आण."

"एकच? आई, सत्तर..."

"सत्तर राहू दे. ही पहिलीच उडी आहे."

सून स्वयंपाकघरात गेली आणि दिवे गेल्यावर लावायची जाडी पांढरी मेणबत्ती घेऊन आली. तेवढ्यात तिने आपल्यासाठी आणलेलं ते भिंतीजवळचं पार्सल मागून घेतलं, फीत सोडली, काठी जमिनीवर टेकवून बघितली. खाली रबर होतं, मूठ हातात नीट बसत होती.

"चांगली आहे," ती मुलाला म्हणाली, आणि ते मनापासून म्हणाली. "शिडीपर्यंत जायला होईल. वर चढताना खाली ठेवीन."

"उद्या परत जाणार आहेस?"

"उद्या तलाव बंद असतो. परवा."

तिने मेणबत्ती विझवली. टाळ्या वाजवायच्या की नाही ते कुणाला समजेना. विहीणबाईंचे हात वर आले आणि पुन्हा मांडीवर गेले.

"तिथे टाळ्या वाजवत नाहीत," सुरी उचलत ती म्हणाली. "कुणी पहिल्यांदा उडी मारली की सगळे पाण्यावर थापा मारतात. दोन्ही हातांनी. अनोळखी माणसंसुद्धा."

ती कुणाला काही मागत नव्हती. जे झालं ते सांगत होती.

मुलगा अजून चमचा मुठीत धरून उभा होता. त्याने तो खाली ठेवला. मग तिच्याकडे न बघता, ओठ घट्ट मिटून, दोन्ही तळवे टेबलावर आपटले. रागाने की कशाने, ते त्याच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. कप-बशा खणाणल्या.

"अहो, हळू," सून म्हणाली. "बशा फुटतील."

त्याने पुन्हा तळवे आपटले, आधीपेक्षा जोरात. नात त्याच्या शेजारी येऊन आपटायला लागली. विहीणबाईंनी स्वतःचा कप उचलून बाजूच्या स्टुलावर नीट ठेवला, आणि मग त्यांनीही हात मोकळे केले.

टेबल हादरत होतं. तिने केक एका हाताने धरून ठेवला आणि अक्षरांना सुरी न लावता कडेकडेने कापायला सुरुवात केली.