पायऱ्यांजवळची जागा धरणारे स्टूल

मित्रांनो, मी एक जुने स्टूल आहे आणि या बंदरावरचा हंगामी बाजार माझ्यामुळे टिकून आहे. निदान पायऱ्यांजवळचा कोपरा तरी. खरे सांगायचे तर त्या कोपऱ्यातल्या एक मावशी.

एका फुटक्या होडीच्या फळ्यांतून सुताराने मला घडवले. होडी पाण्यावर डुलायची, मी जमिनीवर डुलते. चौथा पाय आखूड राहिला तेव्हा सुतार म्हणाला, "बसणाऱ्याने जरा भान ठेवून बसावं." मावशींनी ते ठेवले. त्या लोकरी टोप्या विणून विकतात. रोज सकाळी आखूड पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारल्याशिवाय त्यांनी माझ्यावर कधी बूड टेकले नाही. एवढी काळजी फार थोड्या स्टुलांच्या नशिबी येते.

आमच्या बाजाराची एक रीत आहे. हंगामाच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येकाने आपली एखादी वस्तू धक्क्यावर ठेवायची. ती जिथे, तिथे त्याचे दुकान. पावती नाही, रांग नाही. साबणवालीचे उलटे खोके, चाकूंना धार लावणाऱ्या धारवाल्याची बिनबुडाची बादली आणि मावशींतर्फे मी. एका वर्षी एकाने घाईत पायातली चप्पलच ठेवली. तो रात्रभर एका चपलेवर हिंडला, पण त्या चपलेला कुणी बोट लावले नाही.

यंदा ऐन हंगामात मावशींच्या डोळ्याचे ऑपरेशन निघाले. पहिले दोन दिवस त्यांना येता येणार नव्हते. कोपरा गेला तर मासळीच्या शेडमागे बसावे लागणार, आणि तिथली टोपी डोक्याजवळ नेली की गिऱ्हाईक नाक धरते. म्हणून त्यांनी टोप्यांचे बोचके आणि मला धारवाल्याच्या हवाली केले.

"स्टूल हलू देऊ नकोस रे."

"मावशी, ते बसल्या जागी हलतं. त्याला मी काय करू?"

तरी त्याने मला जागेवर नेऊन पुठ्ठ्यासकट बसवले.

यंदा बंदराच्या समितीने या बाजाराचा महोत्सव करायचे ठरवले होते आणि तो देखणा व्हावा म्हणून बाहेरून एक आयोजक आणला होता. त्याला आमची रीत ठाऊक नव्हती. सकाळी धक्का पाहून तो कळवळला. "केवढा हा कचरा," म्हणाला, आणि खोकी, बादल्या सगळे गाडीत भरून पाठवून दिले. मी वाचले, कारण पायऱ्यांवर 'स्वच्छ बंदर, सुंदर बंदर' हा फलक बांधायला त्याची उंची अपुरी पडत होती. पुठ्ठ्याची घडी त्याने कचरा म्हणून भिरकावली आणि तो माझ्यावर चढला.

मित्रांनो, मी शक्य तेवढे सांभाळले.

घोटा मुरगळल्यामुळे आयोजकाला पाऊल टाकवेना. मग दोन्ही दिवस तो त्याच कोपऱ्यात माझ्यावर बसून हुकूम सोडत राहिला. बाकी धक्क्यावर खुणाच उरल्या नव्हत्या, त्यामुळे साबणवाली आणि तिचा शेजारी वीतभर जागेसाठी एकमेकांच्या सात पिढ्यांची विचारपूस करत होते. धारवाल्याने माझ्या पायाखाली नवा पुठ्ठा सारला आणि आयोजकाच्या भोवती मुकाट्याने टोप्या मांडल्या.

मोबाइलची कव्हरे विकणारा एक जण कोपऱ्यात पथारी पसरू लागला, तेव्हा आयोजक खेकसला, "दिसत नाही का, इथे मी बसलोय?"

"तेच म्हणतो मी साहेब," धारवाला म्हणाला. "आता मावशींचं स्टूल तुम्हीच."

रविवारी सकाळी मावशी काळा चष्मा लावून आल्या.

"उठा."

"आपण कोण?"

"जिची जागा तुम्ही धरलीत, ती. बसा हो, पाय सुजलाय तुमचा. मी बोचक्यावर टेकते."

आयोजक ओशाळला. "एवढं काय आहे या कोपऱ्यात?"

"बोट लागते इथे. उतरलेल्या माणसाच्या कानाला पहिला गार वारा इथेच लागतो, आणि समोर मी असते."

आयोजक फलकाकडे बघत राहिला.

तर मित्रांनो, जुन्या वस्तू फेकण्याआधी त्यांच्या माणसांना विचारा. आणि ठेवणार असाल, तर त्यांचा कोणता पाय आखूड आहे एवढे माहीत करून घ्या. जागेचे म्हणाल, तर ती आम्ही राखली.

बोट रविवारपासून पलीकडच्या धक्क्याला लागते. फलक झाकला जाऊ नये म्हणून आयोजकाने तसे आधीच कळवले होते.