जानेफळच्या पांदणीसाठी पाच टायर

डोणगावच्या फाट्यावर धम्मरत्न यांचं टायरचं दुकान आहे. तीन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा खांदा कामातून गेला, ट्रकचं चाक उचलणं बंद झालं, आणि दुकान मुलीच्या हाती आलं. मुलगी महामाया मेहकरच्या आयटीआयत मोटार मेकॅनिक झालेली. सुरुवातीला ट्रकवाले बिचकायचे, तिच्या डोक्यावरून वडिलांकडे बघून बोलायचे. धम्मरत्न दारातल्या खुर्चीवर बसून पेपर वाचायचे आणि म्हणायचे, तिलेच इचारा. वर्षभरात लोकांना सवय झाली.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात एका दुपारी दुकानासमोर गडद हिरव्या रंगाची, खोलीएवढी उंच विलायती गाडी येऊन थांबली. चारही चाकांना ताकद जाणारी, बटण दाबलं की अंग वर उचलणारी. आतून जानेफळचे हिंमतराव उतरले. पासष्टीचे, पांढरा शर्ट, कपाळाला आठी. मागच्या डाव्या चाकाची रिम फुटली होती आणि ते स्टेपनीवर आले होते.

हिंमतरावांनी मोबाईल काढून एक फोटो दाखवला. पुण्याच्या पुतण्यानं पाठवलेला. टायरला मुठीएवढे रबराचे गट्टू, कडेला पांढरी ठळक अक्षरं, जंगलात चिखल उडवत जाणारी गाडी. हेच पाहिजे, ते म्हणाले, आणि सगळ्यात मोठं जे निघत असेल ते.

महामायानं फुटलेली रिम हातात घेऊन फिरवून पाहिली. बावीस इंची रिम आणि तिच्यावर अर्ध्या वितेचं रबर. गुळगुळीत हमरस्त्यासाठी केलेलं चाक ते. दगडावर आदळलं की रबर दबून दगड थेट रिमला लागणारच. तिनं विचारलं, गाडी कुठं न्यायची असते. मळ्यात, ते म्हणाले, तीन किलोमीटर पांदण आहे, शेतांमधली कच्ची वाट. आत कोण बसतं? त्यावर ते मोबाईल खिशात ठेवत म्हणाले, मी बसतो, कधी घरचे.

तिला फोटोतले टायर लगेच मागवता आले असते. गिऱ्हाईक स्वतःच्या तोंडानं मागत होतं. पण ते टायर ओलसर रानासाठी होते, कडेनं दगडासारखे कडक होते आणि डांबरावर घोंगावणारे होते. ती म्हणाली, काका, मी एकदा पांदण पाहून येते, मग सांगते.

"टायर इकायले रस्ता कायले पाह्यतं, पोरी?" हिंमतराव म्हणाले. त्यांना ते लागलंच. संभाजीनगरात न पाहता देणारे पन्नास दुकानदार आहेत, असं म्हणून ते गाडीत बसले आणि निघून गेले. धम्मरत्न यांनी पेपरातून मान वर केली आणि पान उलटलं. महामायानं उरलेली दुपार एका ट्रॅक्टरचं पंक्चर काढण्यात घालवली. आपण उगाच शहाणपण केलं का, हा विचार काही तिच्या डोक्यातून गेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. बाईचा आवाज, हळू पण ठाम.

"मी जनकाबाई बोलते, हिंमतरावांच्या घरून. त्या गाडीत मलेच बसाचं हाय. त्यायनं सांगतलं का तुले?"

सांगितलं नव्हतं. मग बाईंनी सांगितलं. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं, पाठीत दोन सळया आणि स्क्रू आहेत. चालता येतं, पण धक्का सोसत नाही. ऑपरेशनच्या आधी त्यांनी मळ्यात स्वतःच्या हातानं संत्र्याची कलमं लावली होती, तीनशे. यंदा पहिल्यांदा फळ धरलंय. हिंमतराव रोज येऊन सांगतात, बाग अशी झाली, तशी झाली. त्यांनी मात्र दोन वर्षांत ती पाहिली नाही. ही गाडीही त्याचसाठी आणलेली, बैठक मऊ म्हणून. गेल्या आठवड्यात दोघं निघाले, नाल्याजवळ चाक दगडावर आदळलं, रिम फुटली आणि जनकाबाईंच्या तोंडून किंकाळी निघाली. हिंमतरावांनी तिथूनच गाडी फिरवली. तेव्हापासून ते धड जेवत नाहीत. त्यांच्या मनानं घेतलंय की टायर मोठं असलं की सगळं ठीक होईल.

"तू येऊन पाह्य," जनकाबाई म्हणाल्या. "त्यायले मी सांगते."

महामाया स्कूटीवर जानेफळला गेली. हिंमतराव वाड्याच्या ओट्यावर तयार होते. दोघं पायी पांदणीनं निघाले. पहिले अडीच किलोमीटर मुरूम, तिथं कुठलीही गाडी जाईल. मग काळी माती लागली. महामाया पावलं मोजत चालली, साधारण चारशे भरली. सोयाबीन निघालेलं शेत दोन्हीकडे, आणि मधली वाट परतीच्या पावसानं लोण्यासारखी झालेली. चपलेला माती चढून चढून पाय जड झाले. पुढं नाला, त्यात डोक्याएवढे गोटे. नाला ओलांडला की मळा.

नाल्याच्या काठावर हिंमतराव बांधावर टेकले. त्यांनी विचारलं, आता बोल, काय म्हणतेस. तिनं खरं ते सांगितलं. काळ्या मातीत फोटोतलं टायर भारी पडेल, त्याच्या गट्टूंतून चिखल आपोआप निघून जातो, त्यात वाद नाही. पण त्याची कड कडक असते. नाल्यातला प्रत्येक गोटा काकूंच्या पाठीला कळेल. त्यापेक्षा रिम लहान करू, अठरा इंची. हीच गाडी अठरा इंची चाकांवरही येते, तिनं तशी चौकशी केली होती. रिम लहान झाली की रबराची उंची वाढते, बाहेरून चाक तेवढंच राहतं, आणि गोट्याचा धक्का रबर पितं. नक्षी मध्यम घेऊ, डांबरालाही चालेल आणि मातीलाही.

"अन् काया मातीचं काय?"

"तिथं टायरनं सगळं होत नाही, काका. मुरूम टाका. नाई तं दोन दिवस ऊन पडू द्या, मंग जा."

हिंमतरावांनी नाल्यातल्या गोट्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, "त्या दिवशी ती वरडली नं, तं मले वाटलं मीच तिले मारलं." परत येताना ते तिच्या पुढं चालत होते आणि ओली जागा आली की थांबून कडेची कोरडी वाट दाखवत होते.

अठरा इंची रिम आणि टायर मागवले, स्टेपनीसकट पाच. चौथ्या दिवशी आले. हिंमतराव सकाळीच गाडी घेऊन हजर. महामायानं पहिल्या टायरचं वेष्टण काढलं, कडेवरचे आकडे वाचले आणि हात आखडला. माप बरोबर होतं, पण भार पेलण्याचा आकडा कमी होता. हलक्या गाडीचे टायर पाठवले होते. ही गाडी अडीच टनांची, वर माणसं. ते टायर आज चढले असते, महिनाभर चाललेही असते, आणि एखाद्या दिवशी भर रस्त्यात कड फुटली असती.

हिंमतराव म्हणाले, लावून टाक, संत्र्याचा व्यापारी येत्या आठवड्यात बाग पाहायला येणार, सौदा झाला की फळ त्याचं, त्याआधी तुझ्या काकूला न्यायचंय. एकदाच जाऊन येऊ, मग बदलू. खुर्चीतून धम्मरत्न यांनी लेकीकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत सल्ला नव्हता, नुसती उत्सुकता होती.

"एकदाच असो का दहादा, काका, आत काकू बसतीन," महामाया म्हणाली. "हे मी लावत नाई."

तिनं तिथंच माल परत बांधला. हिंमतराव दुकानात येरझारा घालत राहिले, मग धम्मरत्न यांच्या शेजारी स्टुलावर बसले. चहा आला. दोघं म्हातारे यंदाच्या पावसाबद्दल बोलले, मग खांद्याबद्दल, मग पाठीबद्दल. उठताना हिंमतरावांनी विचारलं, नवे कधी येतील. तीन दिवस, ती म्हणाली. बरं, ते म्हणाले आणि गेले.

त्या तीन दिवसांत त्यांनी काळ्या मातीवर मुरूम टाकायला घेतला. तीनशे पावलं झाली आणि पुन्हा सर आली. मुरुमाचा ट्रॅक्टरच नाल्याच्या अलीकडं रुतला. शंभर पावलं तशीच राहिली. बरोबर टायर आले, महामायानं आधी एक चाक चढवून हातानं फिरवलं, रिम ब्रेकला घासत नाही ना ते पाहिलं, मग बाकीची चढवली. नव्या चाकांवर गाडी आधीइतकी रुबाबदार दिसत नव्हती, हे हिंमतरावांनी बोलून दाखवलं. पण हमरस्त्यावर फेरी मारून आले तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं की गाडी आता तरंगल्यासारखी चालते.

दोन दिवस कडक ऊन पडलं. तिसऱ्या दिवशी सकाळी नऊला ते निघाले. जनकाबाईंनी हट्टानं महामायाला बोलावून घेतलं होतं. त्या मागच्या बैठकीवर, पाठीला उशी, एक हात महामायाच्या मनगटावर. मुरुमाची वाट संपत आली तेव्हा महामायानं गाडी थांबवायला सांगितली, खाली उतरून चारही चाकांची हवा छत्तीस पौंडांवरून बावीसवर आणली. टायर जमिनीवर पसरले, उंटाच्या पावलासारखे.

वरून माती सुकली होती, पण खाली ओल होती. साठेक पावलं गाडी नीट गेली. मग मागचा भाग कडेला सरकायला लागला, चाकं जागच्या जागी फिरली, इंजिनचा आवाज वाढला. जनकाबाईंची बोटं मनगटावर आवळली गेली. हिंमतरावांचा पाय अ‍ॅक्सिलरेटर दाबत चालला होता.

"काका, पाय काढा," महामाया म्हणाली. "थांबा. काईच करू नका."

गाडी थांबली. हिंमतरावांच्या मानेवर घाम आला होता. परत जाऊ, ते म्हणाले, पुढच्या महिन्यात बघू. जनकाबाई म्हणाल्या, परत जायचं नाही. त्या रागानं बोलल्या नाहीत, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं बोलल्या.

महामाया उतरली. टायरच्या खाचा मातीनं भरल्या होत्या. तिनं लोखंडी पट्टीनं त्या कोरून काढल्या, एकेक चाक, तब्बल वीस मिनिटं. मग पुढं चालत जाऊन वाट पाहिली. मधोमध चाकोरी खोल होती, पण डाव्या बांधालगत हरळीचं गवत दाट होतं आणि मुळांनी माती धरून ठेवली होती. तिनं हिंमतरावांना आधी त्याच चाकोरीतून गाडी सरळ मागं घ्यायला सांगितलं, अगदी हळू, स्टेअरिंग न हलवता. गाडी मागं सरली. मग ती स्वतः पुढं उलटी चालत राहिली, हातानं खूण करत, आणि हिंमतराव तिच्या हातावर डोळे ठेवून डावी दोन चाकं हरळीवरून नेत गेले. चाळीस पावलं. शेवटी पुढची चाकं नाल्याच्या खडीवर चढली.

नाल्यात ती परत आत बसली. गोटे आले. गाडी एकदा इकडं कलली, एकदा तिकडं, पण धक्का बसला नाही. जनकाबाईंनी डोळे मिटून घेतले होते. पलीकडच्या काठावर गाडी आली तेव्हा त्यांनी विचारलं, नाला यायचा आहे का अजून. हिंमतरावांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. नाला मागं राहिला, काकू, महामाया म्हणाली.

बाग समोर होती. माणसाच्या उंचीच्या वर गेलेली झाडं, आणि हिरवी संत्री, कुठं कुठं पिवळी छटा धरलेली. जनकाबाई काठी टेकत उतरल्या. पहिल्या झाडापाशी जाऊन त्यांनी एक फळ तळहातावर तोललं, तोडलं नाही. दुसऱ्या झाडापाशी गेल्या, तिसऱ्या. हिंमतराव चार पावलं मागं चालत होते. महामायाला वाटलं आता बाई रडणार. पण जनकाबाई वळल्या तेव्हा त्यांच्या कपाळाला आठी होती.

"फांद्यायले टेकू काऊन नाई देल्ले? पाहा, कशी वाकून राह्यली. उद्या मोडली तं?"

हिंमतराव म्हणाले, माणसं मिळाली नाहीत. मग तुम्ही काय करत होता, बाईंनी विचारलं. रोज येऊन काय पाहत होता? हिंमतराव हसले. महामायानं त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं. ते मळ्यातल्या झोपडीमागं गेले, कोयता आणि बांबू घेऊन आले.

जनकाबाई एका उलट्या टोपलीवर बसून कोणत्या फांदीला टेकू द्यायचा ते काठीनं दाखवू लागल्या. हिंमतराव बांबू तोडत होते, महामाया त्याच्या टोकाला खाच पाडून फांदीखाली बसवत होती. बाराच्या सुमारास धम्मरत्न यांचा फोन आला. दुकानासमोर एक ट्रक उभा होता, ड्रायव्हर घाईत होता.

"त्याले चहा पाजा, बाबा," महामाया म्हणाली. "मले येळ लागन. ही ओळ झाल्याबिगर काकू सोडत नाई."

"सोडतच नाई," जनकाबाई टोपलीवरून म्हणाल्या आणि त्यांनी काठी पुढच्या झाडाकडं वळवली.