मेडिकल कार्ड चालेल का?

ओर्फा हॅमरिकला मोतीबिंदूने जवळजवळ आंधळं केलं होतं, पण हे कबूल करतील ते हॅमरिक कसले. टपालवाल्याला ती आवाजावरून ओळखायची, आणि टोमॅटोऐवजी मिरच्यांची बरणी उघडली गेली तर "आज तिखटच खावंसं वाटलं" म्हणायची. गाडी मात्र आवाजावरून चालवता येत नाही. ऑगस्टमध्ये तिने चर्चची पाटी आडवी केली आणि तिच्या मुलाने, वेंडेलने, दूरच्या कोलंबस शहरातून फर्मान काढलं: हिवाळ्याआधी डोळ्याचं ऑपरेशन झालं नाही तर आईने घराला कुलूप घालून त्याच्याकडे राहायला यायचं.

वेंडेल गुणी मुलगा, सूनही चांगली. पण वेस्ट व्हर्जिनियाच्या त्या खोऱ्यात ओर्फाचा सगळा संसार झाला होता, नवरा हार्लन घरामागच्या टेकाडावरच पुरलेला होता. कोलंबसला तिसऱ्या मजल्यावर बसून लोकांच्या गाड्या बघत म्हातारं व्हायची तिला भीती वाटायची. अगदी खरीखुरी भीती.

ऑपरेशनची तारीख मिळाली ती नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आदल्या दिवशीची, बुधवारची. ती हुकली तर थेट मार्च. घोडं अडलं एवढ्यावरच की ब्लडप्रेशर ठीक असल्याचं कुणीतरी तपासून लिहून द्यायला हवं होतं, आणि गावचे म्हातारे डॉक्टर उन्हाळ्यातच दवाखाना सोडून फ्लोरिडाला मासे धरायला गेले होते. ओर्फाचा विमा सरकारी. त्याला तिकडे सगळे मेडिकल कार्ड म्हणतात, आणि ते चालवून घेणारा माणूस शोधता शोधता तिच्या नाकी नऊ आले. विमावाल्यांनी फोनवर पहिलं नाव सांगितलं ते डॉक्टर वारले होते. त्यांच्या मयतीला बटाट्याचं सॅलड ओर्फानेच नेलं होतं. दुसऱ्या बाई फक्त तान्ही मुलं तपासायच्या. बाकी ठिकाणी फोनवरच्या मुली कार्डाचं नाव निघेपर्यंत गोड बोलायच्या.

शेवटी तिची नणंद डेल्फिया बातमी घेऊन आली.

"वहिनी, म्हाताऱ्या डॉक्टरांच्या दवाखान्यात आता डॅलस कोगर बसतो. कार्ड चालतं त्याला."

"रूथीचा डॅलस? तो कधी डॉक्टर झाला?"

"डॉक्टर नाही गं, फिजिशियन असिस्टंट. तपासतो, औषध लिहून देतो, सही करतो. तुला काय लग्न करायचंय त्याच्याशी?"

ओर्फाने तिथल्या तिथे फोन लावला. दवाखान्यातली मुलगी नुकतीच कॅलिफोर्नियाहून आलेली. तिने चटकन ऑपरेशनच्याच आठवड्यातली सोमवारची सकाळ देऊन टाकली. इतक्या सहज काही मिळतंय म्हटल्यावर खरं तर तेव्हाच शंका यायला हवी होती.

सोमवारी डेल्फियाने तिला गाडीतून नेलं, तर दवाखान्याला कुलूप. रस्त्यावर चिटपाखरू नाही आणि रानाच्या कडेने मात्र पिकअप गाड्यांची रांग. डेल्फियाने कपाळावर हात मारला.

"वहिनी, आज बक सीझनचा पहिला दिवस."

नर हरणांच्या शिकारीचा पहिला सोमवार म्हणजे त्या मुलुखात शाळा बंद, लग्नं बंद, आणि मरणाराने जरा थांबावं अशी अपेक्षा. बाहेरून आलेल्या मुलीला हे ठाऊक नसणार, पण ओर्फाला? हार्लन गेल्यापासून तिने तो दिवस मनातून काढूनच टाकला होता. त्या दिवशी पहाटे त्याला डबा भरून द्यायचा असायचा. आता कुणाला द्यायचा?

"आता कुठे शोधायचं याला?" ती म्हणाली.

"भुकेला शिकारी कुठे सापडतो, हे मी सांगायला हवं होय?"

अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये शिकाऱ्यांची न्याहारी चालू होती. भगव्या जाकिटांच्या गर्दीत डॅलस कोगर बिस्किटं, म्हणजे तिकडचे मऊ पाव, आणि ग्रेव्ही पुढ्यात घेऊन, तोंड पाडून बसला होता. पहाटेपासून त्याला हरणाचं शेपूटही दिसलं नव्हतं. ओर्फाला पाहून तो उभा राहिला.

"ओर्फामावशी, तुम्हाला आजची वेळ दिली? अरे देवा. त्या पोरीला कुणी सांगितलंच नाही."

त्याने गाडीतून बॅग आणली, मावशीला खुर्चीवर बसवलं आणि सगळ्यांना गप्प केलं. पाद्रीबुवांपुढेही न थांबणारी तोंडं थांबली. त्याने एका दंडावर पट्टा बांधून पाहिलं, मग दुसऱ्या.

"गोळ्या घेता ना?"

"घेते."

"मावशी."

"अर्धी अर्धी घेते. म्हातारे डॉक्टर फ्लोरिडाला गेल्यावर पुरवायला नकोत?"

"मग मला आज सही करता येणार नाही."

"कर की रे," मागून कुणीतरी म्हणालं, "तुझ्या आईची मैत्रीण ती."

"म्हणूनच करत नाही."

ओर्फाने बाही खाली ओढली. "म्हणजे मला कोलंबसला धाडतोस तू."

"धाडत नाही. आज पूर्ण गोळी, उद्या सकाळी पूर्ण गोळी, मीठ बंद. नवी चिठ्ठी आत्ता लिहून देतो. उद्या दुपारी घरी येऊन पुन्हा बघतो."

"हरणं सोडून?"

डॅलसने मान खाली घातली. "हरणं तुमच्याच डोंगरावर आहेत, मावशी. परवानगी असेल तर..."

विचारल्याशिवाय तिकडे कुणी दुसऱ्याच्या रानात पाऊल टाकत नाही, आणि हार्लन गेल्यावर त्याच्या बायकोला विचारायची कुणाची छाती झाली नव्हती.

"हार्लनचं मचाण जुनं झालंय," ओर्फा म्हणाली. "पायऱ्या बघून चढ. आणि फाटक लावत जा."

मंगळवारी तो दारात बूट काढून आत आला. प्रेशर उतरलं होतं. त्याने सही केली, दोन घास खाल्ले आणि पुन्हा डोंगर गाठला. बुधवारी ऑपरेशन झालं.

गुरुवारी सकाळी, ऑपरेशनवाल्यांनी सांगितलं होतं त्याप्रमाणे, डेल्फियाने तिच्या डोळ्यावरची पट्टी काढली. ओर्फा स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेली. डोंगर नुसता डोंगर नव्हता, त्याला झाडं होती, झाडांना फांद्या होत्या, आणि मचाणावर भगवं जाकीट घालून कुणीतरी बसलं होतं. एक क्षण तिला तो हार्लनच वाटला. मग त्या माणसाने कान खाजवला. हार्लन कधी एवढी चुळबुळ करायचा नाही. तिला हसू आलं आणि रडूही आलं; डोळा चोळायला मनाई होती, म्हणून तिने पाणी तसंच वाहू दिलं.

फोन वाजला. वेंडेल होता.

"आई, दिसतंय का काही?"

"तुझ्या बाबांच्या मचाणावर डॅलस बसलाय," ओर्फा म्हणाली, "आणि त्याच्या पाठीमागून हे एवढं मोठं हरीण चाललंय. त्याला दिसत नाहीये. मला दिसतंय."