चढाच्या पायथ्याशी

मुलांनो, तुम्ही शाळेच्या व्हॅनमध्ये ड्रायव्हरशेजारी बसला आहात असं समजा. पुढं साताऱ्याच्या पोवई नाक्याची गर्दी. गाड्यांचे लाल दिवे दिसताच अर्जुनाकाका लांबूनच ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलतात. व्हॅन आपसूक मंदावते, ब्रेक फारसा लागतच नाही. मागचे हॉर्न वाजवतात. वाजवू देत.

एका दुपारी मात्र व्हॅन शाळेच्या फाटकातच अडली होती. चौथीतली क्रांती पुढच्या सीटवर बसली होती आणि व्हॅनचा मालक जयराज दार धरून उभा होता.

“बाकीच्या गाड्या लिटरला अकरा किलोमीटर देतात. तुमचीच सोळा कशी?”

“फौजेत बावीस वर्सं ट्रक चालवला, मालक. डिझेल जपायची सवय हाय.”

“सवय ठाऊक आहे मला. शेवटच्या पोरीला गोडोलीच्या चढावर नेतच नसाल. खालीच उतरवत असाल. उद्यापासून चावी ऑफिसात ठेवा.”

अर्जुनाकाकांची कानशिलं तापली. जपून वापरणाऱ्यालाच चोर ठरवायचं, ही कुठली रीत?

“आवं, एकदा शेजारी बसून तर बघा.”

“बसायचं कशाला? मीच चालवतो. कळू दे गाडी किती देते ते.”

काका मागं पोरांच्यात गुडघे आखडून बसले. जयराजनं जरा मोकळी जागा दिसली की गाडी दामटावी आणि पुढच्या क्षणी करकचून ब्रेक मारावा. पाण्याच्या बाटल्या सीटखाली गडगडल्या. सिग्नलला इंजिन धडधडत राहिलं आणि तो फोनवर बोलत राहिला. काकांचा उजवा पाय उगाच जमिनीवर दाबला जात होता.

“लेकरं हायती मागं,” ते एवढंच म्हणाले.

“गपा हो. तुमच्यासारखं रांगत गेलो तर संध्याकाळ होईल.”

एकेक करत पोरं उतरली. राहिली एकटी क्रांती. तिचं घर गोडोलीच्या चढावर, अगदी टोकाला. जयराजनं पायथ्याशीच गाडी थांबवली आणि वाकून तिच्या बाजूचं दार उघडलं.

“उतर बाळ. दोन मिनिटांची तर वाट. एवढ्यासाठी कुठं गाडी वर चढवायची?”

मागं काका सीटच्या टोकाशी सरकले.

क्रांती उतरली नाही. तिनं दार ओढून लावलं आणि दप्तर मांडीवर घेतलं.

“काका दारापर्यंत सोडत्यात,” ती म्हणाली, आणि चढाकडं बघत बसून राहिली.