मुशीपायी गेली मिशी

पैज लागली मिशीवर. मुशी जिवंत निघाली तर बोटवाल्याने उद्या लिलावाच्या ओट्यावर, चारचौघांत मिशी उतरवायची. मेलेली निघाली तर शेजारच्या जाळेवाल्या मावशीने वर्षभर त्याची फाटकी जाळी फुकट सांधायची.

तीन दिवसांच्या फेरीनं बोटवाल्याचं अंग आंबलं होतं. बोटीवरच टोपल्या निवडत होता. खायची मासळी इकडे, उरलेला कचरा खताच्या ढिगात. ती चपटी, वाळूच्या रंगाची मुशी, म्हणजे शार्कचीच एक जात, कचऱ्यातच चालली होती.

"पोहायची थांबली की मुशी मेली. पोरंसोरंही सांगतील," तो जांभई देत म्हणाला.

"तू दुपारी घोरत पडतोस, तुला कुठं ढिगात टाकतात?" धक्क्यावर जाळं सांधत बसलेली मावशी म्हणाली.

मुशी समुद्राच्या पाण्याच्या टपात ठेवली. चहा संपला, मुशी ढिम्म. बोटवाल्याने मिशीला पीळ दिला. मग मावशीने त्याला मुशीच्या डोळ्यामागच्या भोकापाशी बोट धरायला लावलं. पाणी हळूच आत ओढलं गेलं. पुन्हा एकदा.

मावशीने हातातली सुई न थांबवता सांगितलं, की ही तळाशी वाळू पांघरून पडून राहणारी जात. त्या भोकातून पाणी घेते, म्हणून पडल्यापडल्या तिचा श्वास चालतो. वयात यायलाच कित्येक वर्षं, पिल्लं मोजकी, तीही महिनोन्‌महिने पोटात वाढवायची. पूर्वी टोपलीभर यायच्या, ही सहा वर्षांनी दिसली.

"आणि पोट बघ तिचं."

पोट टम्म होतं.

बोटवाल्याची नजर खताच्या ढिगाकडे गेली. निवडायच्या कंटाळ्यापायी आजवर अशा किती जिवंत फेकल्या असतील!

घरचं अंथरूण बोलावत होतं. तरी त्याने पुन्हा इंजिन सुरू केलं, जिथं शेवटचं जाळं ओढलं होतं त्या वाळूच्या तळावर बोट नेली आणि टप पाण्यात कलता केला. मुशी अंग झटकून तिरपी तळाकडे निघाली, दिसेनाशी झाली.

दुसऱ्या दिवशी लिलाव थांबला. न्हाव्याने साबण फासला, तेवढ्यात बोटवाला म्हणाला, "मंडळी, मिशी पुन्हा येईल. मुशीची ती जात संपली तर येणार नाही. हलत नाही म्हणून मेलेली धरू नका. ढिगात टाकण्याआधी पाण्यात धरून बघा, दोन मिनिटांचं काम आहे."

कुणी हसलं नाही. दोघातिघांनी आपल्या टोपल्यांकडे पाहिलं.

"आता हलू नका, कापेल," न्हावी म्हणाला.

बोटवाला दगडासारखा बसला. अर्धी मिशी गेली.

"हलत नाही हो," मावशी म्हणाली. "टाका ढिगात."