नाण्यावरची आई

मित्रांनो, मी चांदीचे एक जुने नाणे आहे. आज मी आरशासारखा चकाकतो, पण या चकाकीचे कौतुक करू नका. तिच्यापायी एका घरातली आई दुसऱ्यांदा गेली.

माझा जन्म टांकसाळीत झाला. चांदीच्या पत्र्यातून कापलेली मी एक कोरी चकती होतो. दोन पोलादी ठसे वरून-खालून माझ्यावर आदळले आणि मी नाणे झालो. ते ठसे कोरणारा कारागीर मोठा अबोल माणूस. नव्या नाण्यावर खांद्यावर गव्हाची पेंढी घेतलेली एक स्त्री हवी, असा वरून हुकूम आला होता. तिचा चेहरा कसा असावा, हे मात्र कुणी सांगितले नव्हते. कारागिराने घरी आपल्या बायकोलाच खिडकीपाशी बसवले. ठशावर चेहरा उलटा कोरावा लागतो, म्हणून तो तिला आरशात पाहून चित्र काढायचा.

"हलू नकोस जरा," तो म्हणायचा.

"पोरगी रडतेय. तिला घेऊ की पेंढी घेऊ?" ती हसू दाबत विचारायची.

ते दाबलेले हसू त्याने तसेच ठशावर उतरवले. आम्ही बाजारात आलो, तेव्हा लोक म्हणायचे, ही बाई आत्ता काहीतरी बोलेल. कारागीर ऐकायचा आणि गप्प राहायचा.

पुढे ती तापाने गेली. मुलगी तेव्हा नुकती चालू लागली होती. घरात बायकोचा एकही फोटो नव्हता.

मग राज्य बदलले. जुनी नाणी परत करा, ती वितळवायची आहेत, असा आदेश निघाला. रद्द केलेला ठसा पुन्हा वापरता येऊ नये, म्हणून त्यावर छिन्नीने खोल चर पाडतात. टांकसाळीच्या साहेबाला बिचाऱ्याला काहीच ठाऊक नव्हते. तो सहज म्हणाला, "तुम्हीच कोरलाय, तर तुम्हीच मोडा. लवकर आटपेल."

कारागिराने छिन्नी चेहऱ्यावर धरली, बाजूला घेतली, पुन्हा धरली. घाव घातल्यावर त्याने हातोडा जागेवर ठेवला आणि तो बराच वेळ हात धूत राहिला.

घरातले एक नाणे त्याने परत केले नाही. ते म्हणजे मी. झडतीच्या धास्तीने त्याने मला पिठाच्या डब्यात लपवले. मुलगी कळती झाल्यावर मला तिच्या हातावर ठेवून तो म्हणाला, "ही तुझी आई. पण कुणापाशी बोलू नकोस."

ती बोलली नाही. भीतीचे दिवस सरले, तिचे लग्न झाले, मुलगा झाला, सून आली, तरी गप्प राहण्याची सवय काही सुटली नाही. दार लोटून ती मला पाहायची आणि मऊ कापडात गुंडाळून ठेवायची. माझ्यावर काळसर छटा चढली होती. त्या काळसरपणात चेहरा उलट जास्तच उठून दिसायचा.

म्हातारपणी ती आजारी पडून दवाखान्यात गेली. मागे कपाट आवरताना मी सुनेच्या हाती लागलो. सून मनाने चांगली. सासूबाई घरी आल्या की खूश होतील, म्हणून तिने भांडी घासायची पावडर घेतली आणि दुपारभर मला घासले. आधी काळेपणा गेला. मग डोळे गेले. मग ते हसू.

घरी आल्यावर सासूबाईंनी मला हातात घेतले, उजेडाकडे धरले, उलटून पाहिले.

"आवडलं ना?" सुनेने विचारले.

"ही माझी आई होती गं," त्या म्हणाल्या.

सगळी हकिकत कळल्यावर सून ढसाढसा रडली. डोळे पुसून म्हणाली, "कशा दिसायच्या त्या? सांगा मला. मी चित्र काढून घेते कुणाकडून तरी."

सासूबाईंनी डोळे मिटले.

"नाही सांगता येत," त्या म्हणाल्या. "मी तिला नाण्यावरच पाहिलं होतं."

मित्रांनो, जुने नाणे हाती आले तर ते कडेने धरा, कोरड्या मऊ कापडात ठेवा, पण घासू नका. आणि त्याआधी घरातल्या थोरांपाशी बसून विचारा, हे इतके का जपले आहे. त्या घरात सून तेवढे विचारायची राहिली, आणि सासूबाई तेवढे सांगायच्या राहिल्या.