छतावरच्या दिव्यांची तार

फ्यूज १. हॉर्न.

चिकटपट्टीवर लिहिलं, फ्यूजच्या डब्यावर लावलं. अक्षर बाबांसारखं आलं. ह्या गाडीत यायला नको होतं.

गाडी डेल्रॉयची. खारदांड्याचा डेल्रॉय, चिखलात आणि डोंगरावर जीप घालणाऱ्यांच्या ग्रुपचा अ‍ॅडमिन. दोन वर्षांपूर्वी एका चढावर ह्याच जीपच्या डॅशबोर्डमधून धूर निघाला. ह्यानं तिथूनच व्हिडिओ टाकला: "घाटकोपरच्या अंबादासकडे वायरिंग करू नका. जळून मराल."

अंबादास गंगावणे. माझे बाबा. तीस वर्षं हेच काम. महिन्याभरात त्यांच्याकडे रिक्षासुद्धा येईना. दुकान बंद झालं. आता घरातला बल्ब गेला तरी ते मलाच हाक मारतात.

मी मुलुंडला, कुंडलिकशेठच्या गॅरेजात. डेल्रॉयनं मला कधी पाहिलेलं नव्हतं. सोमवारी त्यानं चावी माझ्याच हातात दिली.

"सगळं नवीन टाक. नीट हां. मागे एका म्हाताऱ्यानं वाट लावली होती."

"कोण म्हातारा?"

"सोड ना. होता एक."

फ्यूज २. हेडलाइट.

फ्यूज ३. वायपर.

ठरलं होतं माझं. एक तार, फ्यूजशिवाय, पेट्रोलच्या नळीला घासत सोडायची. चढावर गाडी हादरणार, तार सोलणार. पुढचं मी चहा पिताना बघायचे, आंघोळ करताना बघायचे. त्याचा चेहरा प्रत्येक वेळी दिसायचा.

फ्यूज ४.

ही पट्टी कोरी आहे. इथे माझा हात थांबला.

त्या धुरानंतर कुणीतरी तारांचा जुना गठ्ठा तसाच आत ठेवून वरून कामचलाऊ तारा ओढल्या होत्या. त्या काढल्या, तर खाली बाबांचं काम. बाबा टेप गुंडाळत नाहीत. मेणाचा दोरा, दर चार बोटांवर एक गाठ, चपटी, शेपूट आत दडवलेलं. अर्धा गठ्ठा काळा पडलेला, तरी गाठी जागच्या जागी.

सातवी गाठ चपटी नव्हती. आठवी नव्हती. नववी नव्हती.

कापल्या. आत एक जाड लाल तार. बॅटरीवरून थेट छतावरच्या चार दिव्यांना. मध्ये फ्यूज नाही. तिचंच प्लास्टिक वितळून बाजूच्या तारांना चिकटलेलं. कुणीतरी बाबांचा गठ्ठा उघडून ती आत कोंबली होती, आणि कळू नये म्हणून पुन्हा दोऱ्यानं बांधली होती.

कुणीतरी.

गुरुवारी डेल्रॉय काम बघायला आला. मी बॉनेटखाली, दोन्ही हात तारांत.

"ए, जरा एवढं बांध ना. माझे हात अडकलेत."

त्यानं दोरा घेतला. अंगठ्याला वेढा, खालून टोक, एक झटका. बघितलंसुद्धा नाही.

"मस्त बांधतोस रे."

"जाळं शिवायची गाठ आहे. पप्पांनी शिकवली. मरेस्तोवर सुटत नाही."

सातव्या गाठीसारखीच. आठव्या. नवव्या.

आता त्याची गाडी जाळून चालणार नव्हतं. जळाली असती तर त्याचाच व्हिडिओ खरा ठरला असता.

म्हणून काम असं केलं की बाबांनीही नावं ठेवू नयेत. प्रत्येक तारेला फ्यूज. जिथे पत्र्याला घासेल तिथे रबर. कुठे लोंबणारं टोक नाही. डेल्रॉयला चोरीची भीती, म्हणून एक लपवलेला स्विचही त्यानंच मागितला होता: इंजिन बंद केलं की गाडी मेली, स्विच दाबल्याशिवाय उठणार नाही.

घरी बाबांना सगळं सांगितलं. जेवण झाल्यावर त्यांनी विचारलं, "स्विच कुठे लपवलास?" मी सांगितलं. त्यांनी पुन्हा एकदा सांगायला लावलं.

शनिवार. दुपार. डेल्रॉयनं चावी फिरवली. काही नाही.

"स्विच कुठेय गं?"

मी जळका गठ्ठा बॉनेटवर ठेवला. कापलेल्या तीन गाठी त्यावर, त्याला दिसतील अशा. शेजारी गुरुवारची, त्याच्या हातची.

"मी माधुरी गंगावणे. अंबादासची मुलगी."

तो गाठींकडे बघत राहिला. मग सीटखाली हात घातला, डॅशबोर्डखाली डोकं घातलं, मॅट उचलली. माग काढायला एक सुटी तार सापडेना.

"अगं, मला काय माहीत एवढं होईल म्हणून..."

"मोबाइल काढ. त्याच ग्रुपवर टाकायचं."

पहिल्या व्हिडिओत तो म्हणाला, थोडा गैरसमज झाला. पुसायला लावला. दुसऱ्यात म्हणाला, चूक झाली. कुणाची ते नाही. पुसला. पाचव्यात घाम पुसत बोलला: "तार मी टाकली होती. फ्यूज न लावता. अंबादास गंगावणेंचं काम चोख होतं. मी खोटं बोललो."

"टाक."

टाकला. मी त्याला गाडीकडे पाठ करून उभं केलं, स्विच दाबला, गाडी सुरू केली.

"आता तरी सांग कुठेय ते."

"बाबांना माहितीय. गाडी बंद केलीस की त्यांना फोन कर. नंबर तुझ्याकडे आहे, त्या जुन्या व्हिडिओखाली तूच टाकला होतास."

"आणि त्यांनी नाही उचलला तर?"

मी गेट उघडलं.

संध्याकाळी मी घाटकोपरला पोचले तेव्हा बाबा टेबलाशी बसले होते. पुढ्यात फोन. स्क्रीनवर एकच अनोळखी नंबर, अकरा मिस्ड कॉल. तेवढ्यात पुन्हा वाजला.

"उचलू?" मी विचारलं.

बाबांनी ताट पुढे ओढलं.

"वाजू दे."